रोम, व्हाया मेणवली

दिवाळीला साताऱ्याला साडूंकडे गेलो, तर त्यांनी चकलीआधी रोम वाढलं. नुकतेच ते युरोप करून आले होते. टीव्हीला मोबाईल जोडला आणि फोटो सुरू झाले. इसवी सन ८० साली उघडलेलं कोलोसियम, त्याच्यापुढे साडू. फोरममधले मोडके खांब, त्यांच्यापुढे साडू. साडूंची अंगकाठी अशी की दोन हजार वर्षांचा इतिहास मागे आरामात झाकला जातो. त्यांच्या टोपीवर दगडाचा तुकडा उगवल्यासारखा दिसला, की ते बोट दाखवून म्हणायचे, “हे बघा, हे तेच!”

एक फोटो मात्र मेव्हणीने घाईघाईने पुढे सरकवला. मी मागे घ्यायला लावला. सेंट पीटर्सच्या दारात साडू कमरेला मोरपंखी ओढणी गुंडाळून उभे! गुडघे उघडे असले की तिथे आत सोडत नाहीत आणि आमचे साडू गेले होते हाफ पँटवर. मी हसलो. तिथेच चुकलो.

“पाव्हणं, तुमच्या सांगलीत काय आहे हो बघायला?” साडू म्हणाले.

“कृष्णा आहे की!”

“ती होय? ती आम्ही वापरून झाल्यावर तुमच्याकडे येते.”

याला सगळे हसले. आमची ही तर जरा जास्तच. भूगोल साडूंच्या बाजूने होता, त्यामुळे मी इतिहासाकडे वळलो. “रोमला जायला एवढे लाख कशाला घालवायचे? रोमचा देव आणि चर्चची घंटा, दोन्ही मी तुम्हाला घाटाच्या अलीकडे दाखवतो.” बोलून गेलो आणि अनारसा घशात अडकला. पण पुढच्या आठवड्यात साडू सपत्नीक सांगलीत हजर. गाडी त्यांची, डिझेल माझं, आणि साडू हाफ पँटवर.

पहिला मुक्काम कोल्हापूरचा टाऊन हॉल. १८७०च्या दशकातली ही टोकदार छपरांची इमारत बघून साडूंनी दारातच विचारलं, “हे चर्च का?” म्हटलं, “नाही, हे म्युझियम. देव आत आहे.” आत काचेमागे पोसायडन उभा होता. रोमन धाटणीचा, कांस्याचा, समुद्राचा देव. आणि उंची वीतभरसुद्धा नाही. साडू नीट बघायला सवयीने पुढे सरकले आणि बाकी तिघांपुरता रोमन साम्राज्याचा अस्त झाला.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा हा सापडला. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा. जहाजं कोकणातल्या बंदरांना लागायची आणि माल घाट चढून देशावर यायचा. त्या मालातून कधीतरी हा आला असणार. मी हे सगळं रंगवून सांगितलं.

साडूंना पटेना. “समुद्राच्या देवाचं इथं काय काम?”

हा प्रश्न साताऱ्याच्या उंचीवर राहणाऱ्यालाच पडू शकतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतून होड्या फिरल्या, तेव्हा समुद्राच्या देवाची नेमणूक योग्य ठिकाणी झाल्याचं सांगली-कोल्हापूरला पटलं होतं. फक्त तो चार्ज घ्यायला दोन हजार वर्षं आधीच येऊन बसला.

“ते असू दे,” साडू म्हणाले, “पण हा कोल्हापूरचा झाला. सांगलीचा कुठाय?” मी त्यांना तांबडा-पांढरा रस्सा पाजायला नेलं. काही प्रश्नांना तेवढंच उत्तर असतं.

तिथून साताऱ्याकडचा महामार्ग. रुंदीकरणामुळे आम्ही महामार्गावर कमी आणि त्याच्या शेजारून जास्त गेलो. “रोमन लोकांचे रस्ते दोन हजार वर्षांनीही टिकून आहेत,” साडू म्हणाले. दिवसभरात त्यांचं हे एकच वाक्य मी खोडलं नाही. रात्री साताऱ्यात मुक्काम केला आणि सकाळी वाईवरून मेणवली गाठली.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा देखणा घाट, घाटावर देवळं. “नानांचा जन्म कुठला? साताऱ्याचा! १७४२,” साडूंनी उतरता उतरता खातं उघडलं. घाटावरचा एक पोरगा आपण होऊन गाईड झाला. त्याचा इतिहास २००४ साली सुरू होत होता. “‘स्वदेस’चं शूटिंग इथंच झालं, काका. शारुख हितं उभा हुता.” साडू लगेच तिथे उभे राहिले. मी फोटो काढला. मागचा घाट अर्थातच झाकला गेला.

मग महादेवाच्या देवळापाशी ती घंटा. भलीमोठी, पंचधातूची, अंगावर मेरी आणि बाळ येशू, आणि साल १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांबरोबर देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराला एक, भीमाशंकरला एक आणि ही इथे. ज्या घंटेने वसईला प्रार्थनेला बोलवायचं, ती महादेवाच्या दारात येऊन राहिली.

आमच्या हिने मेरीला बघितलं, तान्ह्या बाळाला बघितलं, आणि हात जोडून म्हणाली, “बाळंतीण दिसतेय.” मेव्हणीनेही हात जोडले. दोघींचं दर्शन मिनिटभरात झालं. रोममध्ये मेव्हणीला त्यासाठी दोन तास रांगेत उभं राहावं लागलं होतं.

मी विजयी मुद्रेने साडूंकडे वळलो. ते माझ्याआधीच विजयी झाले होते.

“१७०७! म्हणजे औरंगजेब गेला आणि शाहू महाराज सुटून आले ते साल. पुढे गादी कुठं? साताऱ्याला! आणि घंटा कुठल्या जिल्ह्यात? साताऱ्याच्या! वा पाव्हणं, चांगलं दाखवलंत.”

हिशेब सरळ होता. देव कोल्हापूरला, घंटा साताऱ्याला, डिझेल सांगलीचं. मी गप्प झालो. साडू मात्र देवळातून दर्शन घेऊन बाहेर आले, तेव्हा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, “इथं ओढणी नाही लागली हो.” हा त्यांनी रोमला दिलेला पहिला आणि शेवटचा टोला.

निघताना त्यांना ट्रेवीचं कारंजं आठवलं. तिथे पाठमोरं उभं राहून खांद्यावरून नाणं टाकलं, की परत रोमला यायला मिळतं म्हणे. साडू कृष्णेकडे पाठ करून उभे राहिले आणि दहाचं नाणं मागे भिरकावलं. डुबुक.

“आता परत येणार बघा इथं!”

“तुम्ही याल,” मी म्हटलं. “नाणं नाही यायचं. ते चाललं खाली सांगलीला.”

साडू वळून पाण्याकडे बघत राहिले. मी गाडीत जाऊन बसलो, पुढच्या सीटवर.