माजी साहेबांमार्फत महामंडळ मिळवण्याची रीत

प्रथम साहेब पारखून घ्यावेत. निवृत्त असावेत, पण फार जुने निवृत्त नकोत. वाढदिवसाला अजून चौकात फ्लेक्स लागतो आणि दारात निदान एक पोलीस खुर्चीवर डुलक्या घेत असतो, एवढे पाहावे. बंदोबस्त काढून घेतलेल्या साहेबांकडे जाऊ नये. त्यांनाच मुलाच्या तिकिटासाठी वशिला हवा असतो.

साहेब म्हणतील, "आता मी राजकारणातून बाहेर आहे." यावर चुकूनही मान डोलवू नये. त्यांच्या पहिल्या निवडणुकीचा किस्सा निमूट ऐकावा. मताधिक्य मागच्या खेपेपेक्षा वाढलेले असेल, तरी टोकू नये. किस्सा 1972च्या दुष्काळावर आला, की चहा येतो.

मग मागणे. विधान परिषदेवर राज्यपाल 12 जण नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रे घटनेतच दिली आहेत. पहिल्या तिन्हींशी आपला संबंध नसला तरी खचू नये, समाजसेवेत रक्तदान शिबिराचा फोटोही खपतो. मात्र आयुष्य हाताशी हवे. नोव्हेंबर 2020मध्ये राजभवनावर गेलेल्या 12 नावांवर निर्णय होण्याआधी ती पाठवणारे सरकारच गेले, नव्या सरकारने यादी परत घेतली, आणि ऑक्टोबर 2024मध्ये शपथ घेतली ती दुसऱ्याच सात जणांनी.

त्यापेक्षा महामंडळ बरे. लाल दिवा 1 मे 2017पासून गेला. गाडी, केबिन आणि शिपाई आहेतच. महामंडळ तोट्यात आहे का, हे विचारू नये. कार्यालय मुंबईत आहे का, एवढे विचारावे.

शिफारसपत्र आपणच टाइप करून न्यावे. त्यात 'माझे निष्ठावंत सहकारी' असावे. साहेबांनी खोडून 'परिचित' केले, तर पत्र घडी करून खिशात ठेवावे आणि दुसरे साहेब शोधावेत. पत्रावर मंत्र्यांचा 'तपासून सादर करावे' असा शेरा पडला, की पेढे वाटणारे लोक आहेत. हा शेरा कशावरही पडतो.

खरी कसोटी फोनची. साहेब तुमच्यादेखत मंत्र्यांना फोन लावतात. पलीकडून पीए "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून ठेवून देतो. तरी इकडचे साहेब मिनिटभर बोलत राहतात, "हो हो, आपलाच माणूस आहे, बघा जरा." रिसीव्हरमधली टूं टूं स्पष्ट ऐकू येत असते. अशा वेळी भिंतीवरच्या यशवंतरावांच्या फोटोकडे एकाग्रतेने पाहावे. निघताना वाकून नमस्कार करावा, वहिनीसाहेबांनाही करावा.

बाहेर आल्यावर ड्रायव्हरला तंबाखू देऊन विचारावे, याच महामंडळासाठी आणखी किती पत्रे गेली. जी नावे कळतील ती डायरीत टिपून त्या मंडळींशी आजपासूनच घरोबा वाढवावा. पुढेमागे डावललेल्या निष्ठावंतांचा मेळावा घ्यायची वेळ आली, तर व्यासपीठ भरायला माणसे लागतात. उद्घाटनाला साहेब येतीलच.