नाव महाराष्ट्राचं, करंडक शेजाऱ्यांचा

भडगावच्या क्रिकेटवेड्याला भूगोलाने मारलं आहे. राज्य एक, पण रणजी करंडकात संघ तीन. मुंबईने २०२३-२४ मध्ये बेचाळिसावा करंडक उचलला. विदर्भाने २०१७-१८ पासून तीनदा. जळगाव जिल्ह्याच्या वाट्याला आला तो अख्ख्या राज्याचं नाव लावणारा ‘महाराष्ट्र’. त्याने शेवटचा करंडक जिंकला १९४०-४१ मध्ये. तेव्हा कर्णधार प्रा. दि. ब. देवधर होते आणि महाराष्ट्र राज्य अजून जन्मायचं होतं. राज्य मिळालं, करंडक गेला!

अंतिम सामन्याला आम्ही अधूनमधून हजेरी लावतो. १९७०-७१ ला मुंबईकडून हरलो, १९९२-९३ ला पंजाबकडून, २०१३-१४ ला कर्नाटककडून. भेदभाव म्हणून नाही. विक्रमाचं म्हणाल, तर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमनच्या ४५२ ला गाठायला नऊ धावा हव्या होत्या, तेवढ्यात समोरचा काठियावाडचा संघच सामना सोडून घरी गेला. प्रतिस्पर्ध्याने हार मानली तरी नुकसान आमचंच!

बसस्टँडच्या टपरीवर मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या पोराला चहावाला विचारतो, “काय रे भो, वाचला का सामना?”

“वाचला. पहिल्या डावात मागं पडलो. तीनऐवजी एकच गुण.”

जिल्ह्याची हद्द ओलांडून मलकापूर गाठलं, की माणूस विदर्भाचा होतो, करंडकासकट. तिथल्या प्लॉटचे भाव तेवढे विचारून ठेवले आहेत.