हवा किती, ते सांगा

चिंचवडमध्ये सुपरचार्जर मागितला की समोरचा माणूस टर्बो दाखवतो. दुकान बदललं, माणूस बदलला, तरी हातात येतो तो टर्बोच. खडकीला १९४६ पासून डिझेल इंजिनं बनताहेत. आकुर्डी-पिंपरीत गाड्यांचे कारखाने उभे राहिले त्याला साठ वर्षं झाली. मर्सिडीजची 'सी २०० कॉम्प्रेसर' पुण्यातच जोडली जायची आणि त्या गाडीच्या इंजिनावर खराखुरा सुपरचार्जर असायचा. एवढं सगळं ज्या पट्ट्यात घडलं तिथे या दोन यंत्रांतला फरक मला काउंटरवर उभं राहून समजावून सांगावा लागतो, ही माझी पहिली तक्रार.

फरक अवघड नाही. दोन्ही यंत्रं इंजिनात जास्त हवा कोंबतात, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो, म्हणजे इंजिनाचीच थोडी ताकद खाऊन इंजिनाला जास्त देतो. ससून डॉकच्या डिझेल ट्रॉलरला टर्बोच योग्य, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्यापुढचं काम वेगळं होतं. आमच्या नात्यातल्या एका दादांची मांडव्याला स्पीडबोट आहे. आत पेट्रोलचं ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, ताकद ३०० हॉर्सपॉवर. दोन-चार माणसं असली तर बोट झकास पळते. आठ जण बसले की नाक वर काढून पाणी ढकलत राहते, पाण्यावर उठायला फार वेळ घेते. दादांना ही अडचण सोडवायची होती. बोटीचं इंजिन डेकखालच्या बंद खणात असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तिथेच तळाशी साचते. अशा जागी लालभडक तापणारा टर्बो बसवायचा तर त्याला आणि एक्झॉस्टला पाण्याचं जॅकेट घालावं लागतं. इतकं करून टर्बो कमी फेऱ्यांवर उशिराच जागा होतो. म्हणून सुपरचार्जर. हे कारण सांगेपर्यंत काउंटरवरचा मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

मग कॅटलॉग मागवले. बहुतेक परदेशी. त्यांत सगळ्यात मोठ्या अक्षरांत हॉर्सपॉवर छापलेली असते आणि तिच्याखाली बूस्ट, पीएसआयमध्ये. मला हव्या असलेल्या तीन गोष्टी मात्र सापडत नाहीत: अमुक फेऱ्यांवर आणि अमुक दाबाला यंत्र किती हवा देतं, ती हवा किती तापवतं आणि त्यासाठी पट्ट्यातून किती ताकद घेतं. बूस्ट हा निवडीचा आकडा नव्हेच. बूस्ट म्हणजे इंजिनाने न घेतलेल्या हवेचा तुंबारा. त्याच इंजिनाचं हेड मोकळं केलं, व्हाल्व्ह मोठे केले, तर तोच सुपरचार्जर तितक्याच फेऱ्यांवर कमी बूस्ट दाखवील आणि इंजिन जास्त ताकद देईल. हे सगळ्या विक्रेत्यांना ठाऊक आहे, तरी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "किती पीएसआय पाहिजे?"

मॉडेलच्या आकड्यांनी तर डोकं फिरतं. बोटींच्या शर्यतींत मिरवणारा '६-७१' हा सुपरचार्जर घ्या. मुळात तो जनरल मोटर्सच्या १९३८ च्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचा ब्लोअर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींत हेच इंजिन होतं. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. म्हणजे हा आकडा ब्लोअरच्या मापाचा नसून तो ज्या इंजिनावर बसायचा त्या इंजिनाचा आहे. पुढे शर्यतवाल्यांनी केस लांबवत नेली आणि १४-७१ नावाचा ब्लोअर विकायला आणला. त्या मालिकेत चौदा सिलिंडरचं इंजिन कधी झालंच नाही. ज्याला आपल्या इंजिनासाठी माप निवडायचं आहे त्याने या आकड्यातून काय काढावं? अलीकडच्या काही मॉडेलांच्या नावात एका फेरीला किती घनसेंटिमीटर हवा ढकलली जाते ते असतं, म्हणजे १९०० असेल तर १.९ लिटर. ही पद्धत बरी. सगळ्यांनी तीच पाळावी.

कॅटलॉगवाले करत नाहीत ते गणित मी कागदावर केलं. चार-स्ट्रोक ५.७ लिटरचं इंजिन एका फेरीत जास्तीत जास्त २.८५ लिटर हवा ओढतं. ४८०० फेऱ्यांना मिनिटाला साधारण साडेतेरा घनमीटर झाली, प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के धरा. अर्धा बार बूस्ट दिला, म्हणजे दाब दीडपट केला, तर ३५ अंशांची हवा नुसत्या दाबण्याने ३८ अंशांनी तापते. हे झालं आदर्श यंत्राचं. जुन्या घडणीचा रूट्स ब्लोअर आत हवा दाबतच नाही, नुसती पुढे लोटतो. पुढची दाबाखालची हवा उलटी आत घुसते आणि तिथे घुसळण होते. त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर हवा १०४ अंशांवर जाते आणि पट्टा जवळजवळ ३० हॉर्सपॉवर खातो. स्क्रू पद्धतीचा, ७० टक्क्यांचा सुपरचार्जर तेवढ्याच कामात हवा ८९ अंशांवर ठेवतो आणि तेवीसेक हॉर्सपॉवरवर भागवतो. पेट्रोल इंजिनात आत जाणाऱ्या हवेचे पंधरा अंश म्हणजे ठोका वाजणं आणि न वाजणं यांतलं अंतर. गाडीला हे खपून जातं, कारण गाडी पूर्ण ताकदीवर काही सेकंदच चालते. बोट पाण्याला सतत चढावासारखी भिडलेली असते. गेटवे ते मांडवा थ्रॉटल खाली येतच नाही. म्हणून बोटीसाठी तापमानाचा आकडा हॉर्सपॉवरच्या आधी छापायला हवा. तो शेवटच्या पानावरही मिळाला नाही.

सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर स्वस्त, हलका आणि बसवायला सोपा. हलक्या, दोन माणसांच्या पळणाऱ्या बोटीला मी तोच सुचवीन. पण त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे निम्म्या फेऱ्यांवर पाव बूस्ट. आठ माणसं घेऊन बोट पाण्यावर उठवायची असते ती नेमकी निम्म्या फेऱ्यांच्या आसपास. मी ही अडचण सांगितली की विक्रेता म्हणतो, "टॉपला बघा ना, टॉपला." टॉपला तर दादांची तक्रारच नव्हती.

आता पेट्रोल. हा मुद्दा छोटा दिसतो आणि इंजिन मारतो. परदेशी कॅटलॉगात लिहिलेलं असतं: किमान ९१ ऑक्टेन. आपल्याकडे साध्या पेट्रोलवरही ९१ हाच आकडा पाहायची सवय झाली आहे, त्यामुळे माणूस निश्चिंत होतो. पण अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा हा दोन पद्धतींच्या चाचण्यांची सरासरी असतो आणि आपला आकडा त्यांतल्या एकाच, रिसर्च पद्धतीचा असतो, जो नेहमी जास्त येतो. त्यांचं ९१ म्हणजे आपल्या मापाने ९५-९६. आपलं ९१ म्हणजे त्यांच्या पंपावरचं ८७, तिथलं साधं पेट्रोल. साडेनऊच्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनावर अर्धा बार बूस्ट देऊन ते ८७ भरलं तर पिस्टनच्या कडा फुटायला एक दुपार पुरते. आता ई-२० पेट्रोलचं ऑक्टेन ९५ असतं, हे खरं आणि चांगलं. पण त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्याचे महिने उभ्या राहिलेल्या बोटीच्या टाकीत पाणी खाली बसतं. या देशात बोटीसाठी सुपरचार्जर विकणाऱ्याने हा एक परिच्छेद मराठीत, निदान हिंदीत, खोक्यात घालून द्यायला हवा. खोक्यात येतात ते स्टिकर.

याच काळात भोसरीला एका ब्लोअरवाल्याकडे गेलो. आत शिरताच त्यांनी विचारलं, "एसटीपीचा का?" आपल्या सोसायट्यांच्या सांडपाणी प्रकल्पात हवा सोडणारा ट्विन लोब ब्लोअर आणि शर्यतीच्या बोटीवरचा रूट्स सुपरचार्जर हे एकाच घराण्यातले. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलं त्याच यंत्राची ही दोन पोरं. सांडपाण्याच्या टाकीत चार मीटर पाण्याखाली हवा सोडायची तर ०.४ बार दाब लागतो, म्हणजे बोटीला हवा असतो जवळजवळ तेवढाच. त्यांनी टेबलावर कॅटलॉग उघडून ठेवला. डावीकडे फेऱ्या, वर दाब आणि प्रत्येक चौकटीत ताशी किती घनमीटर हवा, शाफ्टला किती किलोवॅट. तापमान किती चढेल तेही दिलेलं. जे मी मागत होतो ते सगळं, स्वच्छ, दोन पानांत. मैला साफ करणाऱ्या यंत्राचा विक्रेता गिऱ्हाइकाला जो मान देतो तो लाखो रुपयांच्या शर्यतीच्या मालाचा विक्रेता देत नाही, याचा मला मनापासून राग आला. तो ब्लोअर बोटीवर चालणार नव्हता. आपल्याला लागणारी ताशी हजारेक घनमीटर हवा देणारा त्यांच्याकडचा नग म्हणजे दोन माणसांना न उचलणारं बिडाचं धूड. पण तो तक्ता मी मागून आणला. आता दुसऱ्या कुणाशी बोलताना तो पुढे ठेवतो आणि म्हणतो, असं द्या.

सुपरचार्जर इंजिनावर बसवायच्या ब्रॅकेटचं काम चिंचवडलाच करायचं ठरलं. त्यात काही बिघडायला नको होतं, इतकी इथे मशीन शॉप आहेत. इंजिन अमेरिकन, त्याच्या ब्लॉकवरचे आटे ३/८ इंच यूएनसी. इथल्या टॅपच्या खोक्यात सगळं मेट्रिक. "एम १० टाकू साहेब, बसतो," असं मला एकाहून अधिक ठिकाणी ऐकावं लागलं. तो बसत नाही. ३/८ म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि आट्यांचं अंतरही वेगळं. तो जबरदस्तीने घुसवला तर ब्लॉकचे आटे खाऊन जातो. पुलीचंही तेच. रिबवाल्या पट्ट्याच्या दोन दातांत साडेतीन मिलिमीटर अंतर असतं. पुली एका मिलिमीटरने बाहेर राहिली की पट्टा कडेने कुरतडायला लागतो, आधी काळी भुकटी पडते आणि मग तो समुद्राच्या मध्यावर तुटतो. मी ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहून दिला होता. तो वाचणारा माणूस गुरुवारी भेटला नाही, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. आयातदाराची रविवारी सुट्टी. दादांना मोकळा वेळ मिळतो तो याच दोन दिवशी. शेवटी टेल्को रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका वयस्कर टर्नरकाकांनी डायल लावून ब्रॅकेट तपासून दिलं, त्यावर पेनाने सुताएवढा फरक कुठे आहे ते दाखवलं आणि तो काढूनच मग पैसे घेतले. अशी माणसं आहेत म्हणून इथली कामं उभी राहतात. ड्रॉइंग दिल्यावर इतरांनीही काउंटरवरून फोन करून "एवढं चालतं ना?" असं विचारू नये.

इंटरकूलरबद्दल थोडक्यात. बोटीखाली अरबी समुद्र आहे, पाणी तीस अंशांच्या आसपास, यापेक्षा चांगला गारवा कुठल्या गाडीला मिळणार? पण गाडीच्या कामाचा ॲल्युमिनियमचा कोअर खाऱ्या पाण्यात टिकत नाही. क्युप्रोनिकेलच्या नळ्या हव्यात, जोडीला झिंकचा ॲनोड आणि तो बदलायची तारीख. 'मरीन' म्हणून दाखवलेल्या किटमध्ये ॲल्युमिनियमच निघालं आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की समुद्रात वापरल्यास वॉरंटी नाही. बोटीसाठी विकलेल्या वस्तूबद्दल हे छापायला हात धजावतो कसा?

आणि प्रोपेलरचा उल्लेख एकानेही केला नाही. स्क्रू सुपरचार्जर, अर्धा बार, इंटरकूलर लावून हवा पन्नास अंशांवर आणली तर ३०० चे साधारण ४०० होतात. पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे तेहतीस टक्के ताकदीला पंधरा टक्के वेग. जुना १९ इंच पिचचा प्रोपेलर तसाच ठेवला तर इंजिन ४८०० च्या जागी ५५०० वर जाईल, म्हणजे हद्दीबाहेर. २१ इंची घ्यावा लागतो, आणि ड्राइव्हचे गिअर ४०० हॉर्सपॉवर झेपणारे आहेत का ते त्याच्या पाटीवरून पाहावं लागतं. हा खर्च सुपरचार्जरच्या किमतीत धरलेला नसतो.

दादांना मी हे सगळं आकड्यांत सांगितलं. ताशी ७० किलोमीटरची बोट ८० च्या आसपास जाईल आणि आठ माणसं घेऊन लवकर उठेल. त्यांनी विचारलं, "आणि पेट्रोल?" पूर्ण थ्रॉटलला आता ताशी शंभरेक लिटर जातं, मग १३५ च्या वर जाईल, आणि ते ९५ ऑक्टेनच्या खालचं चालणार नाही. हाही आकडा कुठल्याच कॅटलॉगात नाही. ऑर्डर अजून दिलेली नाही. हवेचा तक्ता आणि तापमान कागदावर द्या, अशी मागणी तीन विक्रेत्यांना लेखी पाठवली आहे. जो आधी देईल त्याच्याकडून घेऊ, मग तो चार पैसे महाग असला तरी चालेल.