भाऊंचं नख

असा एक माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. पुण्यात असला तर वर्षाकाठी दोन किल्ले चढायला चार जोडी बूट घेतो, मुंबईत असला तर भाचीच्या बारशाचे फोटो काढायला नवी लेन्स मागवतो. आमचे भाऊ नोकरीनिमित्त डेन्व्हरला आले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बर्फ आला.

भाऊंच्या डाव्या अंगठ्याचं नख वाढलेलं कोणी पाहिलेलं नाही. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी असते. तिला धार आहे की नाही हे बघायला तिच्यावरून नख आडवं ओढतात. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे, नख नुसतंच घसरलं तर गेली. ही परीक्षा जगभरचे लोक करतात, पण स्कीवर. भाऊ आमच्या विळीवरही करतात. गणपतीला आले, की आरतीआधी स्वयंपाकघरात डोकावतात, पात्यावर नख ओढतात आणि आमच्या हिला सांगतात, "वहिनी, कड दोन अंशांत घासून घ्या. बर्फावर टिकायची नाही." वाढदिवसाच्या केकची सुरी, कुणाच्या तरी आजोबांचा अडकित्ता, नुकतंच आलेलं क्रेडिट कार्ड, सगळ्यांचा निकाल त्या अंगठ्याने लावलेला आहे. कार्डाची धार मात्र त्यांना कायम पुरेशी वाटते.

नखाने कौल दिला, की प्रश्न उभा राहतो: स्की बदलायची, की आणखी एक घ्यायची? वास्तविक यात डोकं शिणवण्यासारखं फार नाही. धार गेली तर दुकानात लावून मिळते. तळाला दगडाने खोक पाडली तर ती भरता येते. कड घासून घासून संपत आली किंवा स्कीचा मधला बाक बसून ती मेल्यासारखी पडून राहायला लागली, तर बदलावी. पण भाऊंच्या घरी नवी आली म्हणून जुनी जात नाही. ती 'दगडांची' होते. नोव्हेंबरात बर्फाचा थर पातळ असतो, खालचे दगड वर डोकावतात, तेव्हा चांगली स्की कशाला खराब करा? मग दगडांची तरी एकच का असावी?

शिवाय रुंदी. टणक बर्फाला मध्यभागी ८८ मिलिमीटरची, ताज्या भुसभुशीत बर्फाला १०८ची. या दोन घेतल्यावर मध्ये ९८ची जागा रिकामी आहे हे लक्षात आल्याने भाऊंना झोप लागेना. ती भरली, तर वसंतातल्या ओल्या बर्फाचं काय? आरापाहो बेसिनचा उतार काही वर्षी जूनपर्यंत चालू असतो, ही बातमी आपण हवामान म्हणून वाचतो, भाऊ खरेदीची यादी म्हणून वाचतात. त्यांच्या गॅरेजमध्ये स्की सुखात राहतात आणि गाडी बाहेर बर्फ झेलते. त्या गाडीला जानेवारीत सकाळी चालू व्हायला पाऊण तास लागतो. ती बदलायची का, असं वहिनींनी विचारलं, तर भाऊ म्हणतात, "चालतेय ना अजून?"

दुसऱ्यांना सल्ला देताना मात्र हाच माणूस हिशेबी. "आधी बूट. स्की भाड्याने. वर्षाला दोन-चारदा जाणार आणि स्की कसल्या विकत घेता?" पुण्या-नागपूरहून शिकायला आलेली पोरं हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्याकडे येतात. भाऊ गॅरेजच्या गार फरशीवर गुडघे टेकून बसतात. बुटाचं आतलं मऊ अस्तर काढून ठेवतात, पोराला नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायला लावतात आणि टाचेमागे आपली दोन बोटं सरकवतात. दोन बोटं मावली तर ठीक. तीन मावली तर तो बूट परत फळीवर. "पहिल्या दिवशी सैल बूट मऊ लागतो, अस्तर दबलं की टाच उडायला लागते. मग वळायला सांगशील बुटाला आणि जाशील झाडात." अनोळखी पोराच्या पायाशी इतका वेळ बसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जाताना एक दगडांची जोडी पोराच्या हातात पडते. ती परत मागितल्याचं ऐकिवात नाही, मात्र लगेच भाऊंच्या संग्रहात एक जागा रिकामी झालेली असते.

परवा मी त्यांच्याबरोबर दुकानात होतो. बूट किती जोर बसला की स्कीपासून सुटावा, हे बाइंडिंगवर ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर पडल्यावर पाय मोडतो. त्यासाठी वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, स्की करण्याची पद्धत आणि वय लिहून द्यायचं. पद्धतीत भाऊंनी सवयीने 'आक्रमक' लिहिलं. वयात पहिल्यांदाच पन्नास. कारागिराने तक्ता काढला, भाऊंच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते एक ओळ वर सरकवलं. नऊ वर्षांपर्यंतची मुलं आणि पन्नाशी गाठलेले, दोघांनाही तोच नियम: एक ओळ वर, थोडा कमी जोर. शेजारच्या बाकावर भाड्याचे बूट घालून एक सात-आठ वर्षांचा पोरगा बसला होता. भाऊ त्याच्याकडे बघत राहिले.

भिंतीला ओळीने नव्या स्की टेकलेल्या होत्या. भाऊंनी एकीवरही नख फिरवलं नाही.

गाडीतही गप्प. आयझेनहॉवर बोगद्याआधीच्या शनिवारच्या रांगेत एरवी त्यांचं व्याख्यान रंगतं. मी मनाशी म्हटलं, पन्नाशी जिव्हारी लागली. विषय काढावा की नाही, या विचारात मी होतो. बोगदा ओलांडला आणि भाऊ बोलले.

"त्या पोराचे बूट दोन नंबर मोठे होते. उभा राहिला तेव्हा टाच वर आली. बघितलंस?"

"भाऊ, तुम्ही तेव्हापासून हाच विचार करताय?"

"मग? आत्ता मागे वळता येत नाही. संध्याकाळी जाताना थांबू."

"तो पोरगा काय संध्याकाळपर्यंत बसणार आहे तिथे?"

"तो नसेल," भाऊ म्हणाले. "बूट देणारा असेल ना!"