विमानतळावरचा आंबा कोणाचा?

मे २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याच्या निदान १५ खेपा लॉस अँजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडवल्या. हरकत किडीबद्दल नव्हती, कागदाबद्दल होती. नवी मुंबईत ८ आणि ९ मे रोजी विकिरण झालेल्या या मालाच्या ‘पीपीक्यू २०३’ फॉर्ममध्ये खोट निघाली. निर्यातदारांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या: माल माघारी न्या, नाहीतर नष्ट करा. माघारी आणायला पुन्हा विमानभाडं पडणार आणि तोवर आंबा उतरणार, म्हणून तो तिकडेच नष्ट झाला. नुकसानीचा अंदाज सुमारे ५ लाख डॉलरचा. चूक विकिरण केंद्रावर झाली आणि भुर्दंड आमच्या माथी आला, असं निर्यातदारांचं म्हणणं होतं.

त्या प्रकरणाची निदान बातमी तरी झाली. दर हंगामात विमानतळावर थांबून थांबून जो आंबा वाया जातो त्याची बातमी होत नाही, आणि माझं भांडण त्या थांबण्याशी आहे.

हा आंबा विमानतळापर्यंत किती जपून आणलेला असतो ते आधी बघा. परदेशी जाणारं फळ चौदा आणे तयार झालं की उतरवतात. झेल्याने, देठ ठेवून, कारण देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर ठेवायचा नाही; कातळाच्या झळीने साका, म्हणजे आतून स्पंजासारखा खराब होणारा गर, वाढतो, हे बागेतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पुढे पॅकहाउसमध्ये देशागणिक वेगळी परीक्षा. युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं. अमेरिकेसाठी निदान ४०० ग्रे मात्रेचं विकिरण, फळमाशी आणि कोयीतल्या किड्याची पैदास बंद करण्यासाठी. अमेरिकेच्या खोक्याच्या भोकांना बारीक जाळी लागते, बाहेरचा कीटक आत शिरू नये म्हणून. ती जाळी बोटाने चाचपून बघावी. हवा खेळायची वाट तिने निम्मीशिम्मी अडवलेली असते, म्हणजे बाहेर उकडलं की आतला आंबा आणखी कोंडला जातो.

मग हे खोकं तेरा अंशांच्या आसपास ठेवायचं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की नाशवंत मालाला जितकी जास्त थंडी तितकं बरं. आंब्याला ते मुळीच लागू नाही. हिरवा आंबा फार गारठला तर त्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकतच नाही. बर्फातली मासळी शून्याजवळ हवी, गोठवलेल्या मालाला उणे १८ लागतं, आंब्याला तेरा. तिघांनाही एकच शब्द लावायचा, ‘पेरिशेबल’, आणि एकाच छपराखाली रांगेत उभं करायचं, हा अडाणीपणा आहे. गोठवलेल्या पुरणपोळ्या आणि कोळंबी बहुतेक जहाजाने, रीफर कंटेनरमधून जातात, कारण त्यांना घाई नसते. विमान लागतं ते ज्याचे दिवस मोजलेले आहेत त्याला.

आणि विमान स्वस्त नाही. भाडं वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं. ६००० घन सेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो असा सर्वसाधारण हिशेब. खोक्यात हवा खेळायला जागा सोडली की त्या जागेचं भाडं पडतं. थर्माकोल जाड घेतला की त्या जाडीचं पडतं. आंबा सुरक्षित ठेवायचा तर निर्यातदार हे सगळं भरतो, आणि भरून झाल्यावर माल मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गोत दुसऱ्याच्या हवाली करतो. पुढचे तास त्याच्या हातात नसतात.

ते तास असे जातात. कोल्ड रूममध्ये आंबा ठीक असतो. मुंबई विमानतळावर थंड साठवणुकीच्या चांगल्या सोयी झाल्या आहेत आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माल तपासणीसाठी बाहेर येतो. पॅलेट बांधताना बाहेर असतो. बांधलेलं पॅलेट प्लास्टिकने गुंडाळून, जाळी आवळून ट्रॉलीवर चढतं आणि विमानाजवळ जाऊन थांबतं. आंबा काढल्यावरही श्वास घेतो आणि त्यातून स्वतः उष्णता सोडतो. शेकडो खोकी दाटीवाटीने रचून वरून प्लास्टिक ओढलं की ती उष्णता आतच घुसमटते. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून रात्री सुटतात, तेव्हा डोक्यावर ऊन नसतं हे खरं, पण मे महिन्यातली दमट रात्र आणि दिवसभर तापलेलं काँक्रीट काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. आखातात विमान बदलायचं असेल तर हाच प्रकार तिथे दुसऱ्यांदा, अधिक कडक.

त्यात ‘ऑफलोड’. हा बहुतांश माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो आणि त्या पोटावर पहिला हक्क प्रवाशांच्या बॅगांचा. सुट्टीला आलेली कुटुंबं मे महिन्यात भरलेल्या बॅगा घेऊन परततात, हवा तापलेली असली की विमानाची वजन उचलायची ताकदही घटते, आणि मग कार्गो खाली उतरवला जातो. ‘उद्याच्या फ्लाइटने जाईल,’ एवढाच निरोप मिळतो. पुन्हा ट्रॉली, पुन्हा कोल्ड रूम, पुन्हा काँक्रीट. पेटीत सिगारेटच्या पाकिटाएवढा डेटा लॉगर ठेवलेला असेल तर आलेखात हे सगळं उमटतं: तेरा अंशांवर चाललेली सरळ रेघ आणि मध्येच फुगवटे. फुगवटा बहुधा जमिनीवरचा असतो.

मग भरपाई कोण देतं? आंतरराष्ट्रीय विमान मालवाहतुकीला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यानुसार विमान कंपनीची जबाबदारी किलोमागे सध्या २६ एसडीआरपर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात. मर्यादा असू द्या. खरी मेख पुढे आहे: मालाच्या अंगभूत दोषाने, गुणाने नुकसान झालं असं कंपनीने सिद्ध केलं तर तेवढ्यापुरती ती सुटते. आंबा पिकणारा, म्हणून पिकला. नासणारा, म्हणून नासला. काँक्रीटवर कुजत ठेवलेल्या फळाला त्याच्या नासण्याबद्दल दोषी धरायची सोय कायद्यात आहे, आणि ती खोडून काढायची तर निर्यातदाराच्या हाती कोणत्या वेळी, कुणाच्या ताब्यात, किती तापमान होतं याचा पुरावा हवा. मोठ्या घराण्याकडे तो असतो. चार शेतकऱ्यांनी मिळून पाठवलेल्या शंभर पेट्यांत लॉगर कोण ठेवणार?

सरकारी घोषणांत मला याचं उत्तर दिसत नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात कृषी उडान आली, २०२१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. विमानतळ वाढवा, शुल्कात सूट द्या, हे चांगलंच आहे. पण माल या हातातून त्या हातात जाताना प्रत्येक टप्प्याला वेळ आणि तापमान लिहून सही करायची सक्ती करा; त्याला नवी इमारत लागत नाही. पणन मंडळ आणि अपेडा या सरकारी संस्थांनी हंगामात प्रत्येक निर्यातदाराला, लहानातल्या लहानालाही, लॉगर पुरवावेत. ऑफलोड झालेल्या नाशवंत मालाची आठवड्याची यादी जाहीर करावी, कंपनीवार. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराने वर्षभर फवारणी, राखण, तुडतुडे आणि अवकाळी सोसून वाचवलेलं फळ तीन तासांत गमवायचं आणि कुणाकडे बोटही दाखवता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

तोवर पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. कार्गोच्या नुकसानीची लेखी तक्रार माल हाती पडल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. तिकडच्या घेणाऱ्याला हे पेटी निघण्याआधीच सांगून ठेवा, खोकं उघडताना फोटो काढायला लावा आणि लॉगरचा आलेख त्याच दिवशी मागवून घ्या.