सोबतचा इसम

बायकोची कंपनी भोसरीत औद्योगिक व्हॉल्व्ह बनवते. जर्मनीत डुसेलडॉर्फला दर दोन वर्षांनी जगभरच्या व्हॉल्व्हांचं प्रदर्शन भरतं आणि या खेपेला कंपनीनं तिथे तिला पाठवायचं ठरवलं. "तूही चल," ती म्हणाली. "खोली दोघांची आहेच. तिकिटाचे पैसे मी घालते."

मी घरी बसून लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासतो. स्वल्पविराम काढतो, घालतो, पुन्हा काढतो. या कामात दिवस जातो, फक्त पैसे येत नाहीत. त्यामुळे तिकिटाचे पैसे कोणी घालायचे यावर आमच्या घरात वाद होत नाही.

तिचा व्हिसा सोपा होता. कंपनीचं पत्र, प्रदर्शनाचं निमंत्रण, पगाराच्या पावत्या, संपलं. माझ्या अर्जात मात्र रकाने होते. व्यवसाय? खर्च कोण करणार: अर्जदार की अन्य कोणी? अन्य कोणी असल्यास, तिचं हमीपत्र. बायकोनं कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत ते टाइप करून पाठवलं: माझे पती आर्थिकदृष्ट्या माझ्यावर अवलंबून आहेत, त्यांचा सर्व खर्च मी करीन, आणि मुदत संपण्यापूर्वी ते भारतात परत येतील याची हमी देते. मी त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. मजकुरात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

"परत आणायची हमीसुद्धा मीच द्यायची?" तिनं विचारलं.

शेंगेन व्हिसासाठी निदान 30,000 युरोंचा आरोग्यविमा लागतो, आणि त्यात परदेशी मरण आल्यास पार्थिव मायदेशी आणण्याची सोय असावी लागते. विमा एजंटनं हे इतक्या उत्साहानं सांगितलं, जणू खिडकीजवळची जागा मिळवून देतो आहे. फोटो 35 गुणिले 45 मिलिमीटर, चेहऱ्यानं त्याचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग व्यापलेला, चेहरा भावनाशून्य. फोटोवाला सवयीनं "स्माईल" म्हणाला आणि स्वतःच जीभ चावली. बायको म्हणाली, काळजी नको, घरी रोज हाच चेहरा असतो.

एवढं सगळं एका जाड फाईलमध्ये लावून मी अर्ज केंद्रावर गेलो. काचेपलीकडची मुलगी चुणचुणीत होती.

"तुमच्या पतींचं नोकरीचं पत्र?"

"मीच पती आहे."

"हो सर, पण तुमच्या पतींचं..." ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. ज्या कोणी ती यादी केली होती त्याच्या मते परदेशी कामाला नवरा जातो आणि सोबत बायको. तिनं 'पती' खोडून वर 'पत्नी' लिहिलं. प्रूफ वाचणाऱ्या माणसाला अशी दुरुस्ती पाहून गहिवरून येतं. पण पुढच्याच क्षणी ती म्हणाली, "मॅरेज सर्टिफिकेट?"

मी पासपोर्टचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे बायकोचं नाव छापलेलं आहे. त्यावर तिनं मला नियम ऐकवला: डिसेंबर 2016 पासून पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला मागत नाहीत, अर्जदार जे लिहून देतो ते छापतात. म्हणजे उद्या मी तिथे माधुरी दीक्षितचं नाव लिहिलं असतं तरी... असं ती म्हणाली नाही, पण तिच्या डोळ्यांत ते होतं.

आमचं लग्न मे 1997 मधलं. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा हल्लीचा कायदा आला 1998 साली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं देशभर विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले ते 14 फेब्रुवारी 2006 रोजी. हो, बरोबर वाचलंत. त्या दिवशी बाकीचे गुलाब देत होते. आम्ही या सगळ्याच्या आधी उरकलेलं असल्यामुळे कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगायला गेलो नाही. रेशनकार्डानं आम्हाला नवरा-बायको मानलं, गॅस एजन्सीनं मानलं, सोसायटीच्या भांडकुदळ सेक्रेटरीनंसुद्धा मानलं. युरोप मानेना.

नोंदणीच्या खिडकीवर समजलं की नमुना 'ड' भरायचा. सोबत लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार, आणि ज्यांनी लग्न लावलं त्या गुरुजींची सही. पत्रिका सापडली. ती तेव्हा मीच तपासली होती, तरी तिच्यात 'शुभआशीर्वाद' असं छापलंय. इतक्या वर्षांनी तो विग्रह बघून माझं डोकं पुन्हा उठलं.

मग साक्षीदार शोधायला अल्बम काढला. बायको पानं उलटत होती आणि मी कागदावर नावं लिहीत होतो. हे मामा? गेले. हे शेजारचे काका? गेले. अंतरपाट धरलेला, केसांचा कोंबडा काढलेला माझा मित्र? करोनात गेला. त्याचं लग्न लागलं तेव्हा अंतरपाट मी धरला होता. थोड्या वेळानं मी कागद बाजूला ठेवला आणि आम्ही नुसतीच पानं उलटत बसलो. सासूबाईंचा हात मोठा करून पाहण्यासाठी बायकोनं फोटोवरच दोन बोटं फाकवली. फोटो मोठा होईना, तेव्हा हसली आणि चहा टाकायला उठली.

शेवटी साक्षीदार मिळाले. त्यांत एक माझी आत्या. वय ऐंशीच्या पुढे, स्मरणशक्ती शाबूत. खरं तर तिथेच घोळ झाला, पण तो नंतर.

आधी गुरुजी. ते आता वाईला मुलाकडे असतात असं कळलं. या प्रवासवर्णनातला सर्वांत निसर्गरम्य टप्पा हाच: खंबाटकी घाट, सुरूर फाटा, मग वाई. ढोल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले. मराठी विश्वकोशाचं कार्यालय या गावी आहे, त्या दिशेनं मात्र जास्त मनापासून जोडले. एवढी प्रुफं ज्या माणसांनी तपासली असतील त्यांच्यापुढे गणपतीनंसुद्धा हात जोडायला हरकत नाही.

गुरुजी ओसरीवर बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी भिंग लावून तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, "हे लग्न मीच लावलं कशावरून?"

म्हणजे युरोपला माझा पुरावा हवा होता, खिडकीला गुरुजींचा, आणि गुरुजींना आणखी कुणाचा. मी फोटो दाखवला. त्यात त्यांची फक्त पाठ होती. "पाठ कुणाचीही असते," गुरुजी म्हणाले. मग भिंग फोटोच्या खालच्या कोपऱ्यात सरकलं आणि तिथेच थांबलं. "हा माझा तांब्या. काठ चेमटलाय बघा. थोरल्यानं जिन्यावरून पाडला होता." त्यांनी मुलाला हाक मारून आतून तांब्या आणवला. काठ चेमटलेला होता. आम्ही तिघांनी तो फोटोशेजारी धरून पाहिला. कोर्टातसुद्धा इतका चोख पुरावा मी पाहिलेला नाही.

"नवरी कुठंय?" त्यांनी विचारलं. नवरी भोसरीत होती. व्हिडिओ कॉल लावला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे यंत्रांचा खडखडाट.

"ओळखलंत का मुली? अक्षता टाकल्या होत्या आम्ही. लागू पडल्या का?"

"गुरुजी," ती ओरडून म्हणाली, "अजून टेस्टिंग चालू आहे!"

गुरुजी इतके हसले की सही करताना पेन हललं. म्हणून माझ्या विवाहाच्या कागदावर पुरोहिताची सही जरा नाचरी आहे.

आता आत्या. आमच्या लग्नात हौशी आत्यानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नव्या सुनेचं नवं नाव लिहवून घेतलं होतं. ते नाव इथे छापायला मला घरातून परवानगी नाही. बायकोनं ते नाव हसत लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा मसालेभात झाला, आणि तिचं माहेरचं नाव आडनावासकट पासपोर्टपर्यंत तसंच राहिलं. आत्यापुरतं मात्र तांदळातलंच खरं. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "आजी, या बाईंना ओळखता?" आत्या ठणकावून म्हणाली, "न ओळखायला काय झालं? ही आमची अमुक." साहेबांनी कागद पाहिला. कागदावर तमुक.

"मग तमुक कोण?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं.

मला घाम फुटला. मागची रांग पुढे सरकली, कारण एकाच्या दोन बायका निघताहेत हे पाहायला कोणाला आवडणार नाही? एक काका तर, "कोर्टात जा तुम्ही," म्हणून आमच्या बायकोला सल्लाही देऊन गेले. मी समजावू लागलो, बायको हसू लागली, आत्या म्हणाली, "तमुक हे तिचं माहेरचं. लग्नात संपलं ते."

"लग्नात नाव संपत नाही आजी," साहेब म्हणाले. हे वाक्य सरकारी खिडकीतून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात सलाम केला. त्यांनी लगेच पुढे प्रतिज्ञापत्र मागितलं आणि मी सलाम परत घेतला.

मग स्टॅम्पपेपर, वकील, नोटरी. 'उक्त दोन्ही नावांची स्त्री ही एकच व्यक्ती असून' अशी सुरुवात असलेला मजकूर आत्यानं ऐकला आणि अट घातली: तांदळातलं नाव आधी, माहेरचं नंतर. वकील म्हणाला, कायद्याला क्रम चालतो. बायको म्हणाली, मला विमान चालतं, तुम्ही आटपा. साहेबांनी तो कागद बघितला आणि दाखल्यावर शिक्का मारला. आत्यानं तिथल्या तिथे आम्हा दोघांना पर्समधली खडीसाखर दिली आणि "आता रीतसर झालं," म्हणून पाठीवरून हात फिरवला. बायको वाकून तिच्या पाया पडली.

अर्ज एकदाचा गेला. 90 युरो गेले. वाट पाहताना मी शेंगेन म्हणजे काय ते वाचून काढलं. लक्झेंबर्गमधलं ते मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं छोटं गाव. तिथे नदीतल्या एका बोटीवर 14 जून 1985 रोजी पाच देशांच्या प्रतिनिधींनी आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायचा करार केला. जिथे तीन देशांच्या हद्दी भेटतात तिथे, वाहत्या पाण्यावर, भोवती द्राक्षमळे, अशा वातावरणात कोणाला सीमा आठवणार? त्यांनी तो करार आमच्या खिडकीसमोर उभं राहून करून दाखवायला हवा होता.

पासपोर्ट आले. बायकोच्या व्हिसावर प्रवेशांच्या जागी मल्टिपल, मुदत ऐसपैस. माझ्यावर 01, आणि प्रदर्शनाला पुरतील तेवढेच दिवस. हमीपत्र त्यांनी नीट वाचलेलं दिसलं.

फ्रँकफुर्टला उतरलो. तपासणीच्या काचेमागच्या अधिकाऱ्यानं बायकोला कामाबद्दल विचारलं आणि मग पेनानं माझ्याकडे निर्देश करून विचारलं, हे तुमच्यासोबत आहेत का? मी फाईल उघडायला लागलो. नमुना, दाखला, प्रतिज्ञापत्र, वाटलं तर तांब्याचाही फोटो होता. बायकोनं मात्र क्षणभर विचार केला. तो क्षण मी कधी विसरणार नाही. मग ती म्हणाली, "येस."

रेल्वेनं डुसेलडॉर्फकडे जाताना कोलोनला गाडी बदलली. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ते कॅथीड्रल, 157 मीटर उंच, मान मोडेपर्यंत. 1248 साली काम सुरू केलं, 1880 साली संपवलं. मध्ये तीनशे वर्षं काम जवळपास ठप्प होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर मध्ययुगातली लाकडी क्रेन तशीच उभी होती. हे वाचल्यावर माझ्या मनातला खिडकीवरचा राग बराच ओसरला.

डुसेलडॉर्फला ऱ्हाईन नदी आहे, डिसेंबरात तिच्यावरून येणारा वारा आहे, आणि प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलांचे असे भाव आहेत की माझ्या वर्षभराच्या स्वल्पविरामांत एक रात्रही बसली नसती. बाकी शहर मी चालून पाहिलं. छान आहे.

हॉटेलच्या काउंटरवर परदेशी पाहुण्यांसाठीचा नोंदणीचा कागद आला. बायकोनं तो भरला, पासपोर्ट दाखवला. मीही माझा पासपोर्ट पुढे केला, फाईल उघडली. मुलीनं हसून हात हलवला. जर्मन कायद्याप्रमाणे सोबतच्या कुटुंबीयांची नावं त्या कागदावर लिहायची नसतात, नुसती संख्या लिहायची. त्यामुळे त्यांचा पासपोर्टही बघायचा नसतो.

बायकोनं त्या चौकटीत '1' लिहिलं आणि खोलीची किल्ली घेतली.

"सही तरी करू का?" मी विचारलं.

"नको," मुलगी म्हणाली. "पण साहेबांचा नाश्ता बुकिंगमध्ये नाही. तो कोण देणार?"

बायकोनं मागे न बघता कार्ड पुढे केलं.