मुदत किती शिल्लक?

दर चार वर्षांनी फुटबॉलच्या वर्ल्डकपला निघणारा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. निघणारा म्हणतोय मी, गेलेला नव्हे. कोल्हापुरात असे पेठेला दोन निघतील. वर्ल्डकप आला की इथे गल्लीच्या एका तोंडाला ब्राझीलचा आणि दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिनाचा झेंडा लागतो, आणि मधल्या घरांना बाजू घ्यावीच लागते. आमच्या वाट्याला बापू आले. उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, घर शिवाजी पेठेत, पक्ष अर्जेंटिना आणि काखेत कायम एक फाईल.

बापूंची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. ते आपणहून येतात आणि विचारतात, "पासपोर्ट हाय न्हवं? मुदत किती शिल्लक?"

नियम खरा आहे. प्रवासाच्या तारखेपुढे पासपोर्टाची निदान सहा महिने मुदत असावी, असं कित्येक देश मागतात. पण हा नियम बापूंच्या अंगात भिनलाय. मध्यंतरी एका रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर सगळे खाली मान घालून उभे होते. गेलेल्याचा जावई पुण्याहून आला होता. बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, पासपोर्टाची मुदत किती शिल्लक?" जावयाला वाटलं, वारसनोंदीला लागत असेल. त्यानं तिथूनच बायकोला फोन लावून कपाट उघडायला लावलं.

लग्नात आहेर देताना नवऱ्या मुलाला हाच प्रश्न. दाताच्या डॉक्टरनं तोंडातून कापूस काढला की पहिला शब्द हाच. एका बारशाला पाळण्यात वाकून त्यांनी बाळाचं कौतुक केलं आणि आईला बजावलं, "ह्याचा काढशीला तर ध्यानात ठेवा, ल्हान पोराचा पाचच वर्सं चालतुया." बाळाचं नाव अजून ठेवायचं होतं.

ब्राझीलच्या वर्ल्डकपची तयारी २०१३ च्या गणपतीत सुरू झाली. डिसेंबरात बापूंचा कोरा करकरीत पासपोर्ट आला. मग मिसळीच्या दुकानात बैठका. साओ पावलोला एक रात्र काढायची की थेट रिओ गाठायचं, यावर दोन गट पडले, आणि दोन्ही गटांतल्या कुणी तोवर पुण्यापलीकडे मुक्काम केलेला नव्हता. याच काळात बापूंना शोध लागला की ब्राझीलहून परतणाऱ्या माणसाकडे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला नसेल, तर आपलंच सरकार त्याला सहा दिवस वेगळं ठेवू शकतं. म्हणजे लस हवी ती मायदेशी परत यायला! बापू एकदम गंभीर झाले. "आधी परतीचं बगा. जायला काय, कोन बी जातंय."

ते महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेले आणि दंडात सुई टोचून घेऊन आले. विमानाचं तिकीट नाही, मॅचचं तिकीट नाही, व्हिसाचा पत्ता नाही, पण पीतज्वराची टाप नाही आता बापूंकडे फिरकायची. त्या लसीचा दाखला म्हणजे पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये बापूंना दाखवलं गेलेलं हे एकमेव यलो कार्ड. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या दाखल्याची दहा वर्षांची मुदत काढून तो जन्मभरासाठी केला, तेव्हा बापूंनी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

ब्राझीलला मात्र कुणी गेलं नाही. एकाच्या मुलीची बारावी निघाली, दुसऱ्याचं उसाचं बिल अडकलं आणि तिसऱ्याला बायकोनं नुसतं "बरं" म्हटलं. माराकानावरची फायनल बापूंनी पेठेतल्याच टीव्हीवर बघितली, फाईल मांडीवर घेऊन. ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या ग्योट्झेनं गोल मारला, अर्जेंटिना हरली, पहाटेचे तीन वाजत आले होते. बापू उठले, फाईलवरचा 'ब्राझील' लिहिलेला कागद काढला आणि उलट्या बाजूला लिहिलं, 'रशिया'.

रशियानं बापूंना वेड लावलं. मॅचचं तिकीट असलं की फॅन आयडी मिळायचा आणि त्यावर व्हिसाशिवाय प्रवेश. वर यजमान शहरांच्या दरम्यान खास रेल्वेगाड्या, त्याही फुकट! बापूंनी अकरा शहरांचा नकाशा वर्कशॉपच्या भिंतीवर लावला. निझनी नोव्हगोरोद हे नाव चहावाल्या पोराकडून पाठ करून घेतलं. व्हॉट्सॲपवर गट निघाला आणि पेठेतल्या ब्राझीलवाल्यांनाही मोठ्या मनानं त्यात घेतलं गेलं. तिथंच घात झाला. अर्जेंटिनाच्या साखळीतल्या मॅच मॉस्को, निझनी आणि सेंट पीटर्सबर्गला. ब्राझीलच्या रोस्तोव, सेंट पीटर्सबर्ग आणि मॉस्कोला. खोली कुठं घ्यायची? रोस्तोववाले आणि निझनीवाले अडीच महिने भांडले. शेवटी कुणीतरी गटावर नेमारच्या लोळण्याचा व्हिडिओ टाकला आणि गट फुटला. कझानला फ्रान्सनं अर्जेंटिनाला ४-३ असं घरी पाठवलं त्या रात्री बापू मला म्हणाले, "बरं झालं गेलो न्हाई. परतीचं तिकीट फायनलनंतरचं काढलं आस्तं."

आणि हे प्लॅनिंग रंगात आलं होतं तेव्हा, ऑक्टोबर २०१७ मध्ये, वर्ल्डकप आमच्या दाराशी आला होता. सतरा वर्षांखालच्या मुलांचा, पण फिफाचाच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात. सामने नवी मुंबईला, सामने मडगावच्या फातोर्ड्याला, जिथं इराणच्या पोरांनी जर्मनीला चार गोल मारले. मडगाव सकाळी निघून गाठण्याच्या अंतरावर. पेठेतली पोरं मोटारसायकली काढून निघाली. बापू वर्कशॉपात बसून रशियाच्या गाड्यांचं वेळापत्रक जुळवत होते. मी म्हटलं, "बापू, तुम्ही का गेला नाहीत?" त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "व्हिसा न्हाई, पासपोर्ट न्हाई. त्यात प्लॅनिंग काय करायचं भावा?"

बापूंना हसणं सोपं आहे, पण त्यांच्यामागे राष्ट्रीय परंपरा उभी आहे. १९५० च्या ब्राझीलमधल्या वर्ल्डकपला भारत पात्र ठरला होता, तोही न खेळता, कारण पात्रता फेरीतल्या बाकीच्या संघांनी अंग काढून घेतलं. संघ काही गेला नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, ही गोष्ट आपल्याकडे चवीनं सांगतात. जाणकार सांगतात ती कारणं साधी आहेत: लांबचा प्रवास, खर्च, संघनिवडीचे घोळ आणि वर्ल्डकपपेक्षा ऑलिम्पिक मोठं वाटणं. त्यानंतर आजवर पुन्हा पात्र ठरण्याचा योग आलेला नाही. बापूंनी हे सगळं वाचलंय. ते शांतपणे म्हणतात, "देशाचं बी बैठकीतच ऱ्हायलं, आपलं काय घिऊन बसलाय?"

नाही म्हणायला त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर एका जोडप्याचा वर्तमानपत्रातला फोटो आहे. कोलकात्याचे पन्नालाल आणि चैताली चटर्जी. बेताच्या कमाईतून पैसा पैसा बाजूला टाकून हे दोघं १९८२ च्या स्पेनपासून २०१८ च्या रशियापर्यंत दहा वर्ल्डकप बघून आले. सकाळी वर्कशॉप उघडलं की बापू दत्ताच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळतात आणि तीच तशी फाईलकडं नेतात.

मग आला कतारचा वर्ल्डकप, आणि आता कारणच उरलं नाही. मुंबईहून चार तासांच्या आत विमान उतरतं. आठही स्टेडियम दोहाच्या आसपास. हय्या कार्ड असलं की मेट्रो फुकट. आमच्या पेठेतली दोन पोरं बापूंच्या नादाला लागली, दोघंही तालमीच्या संघात खेळणारी. एकाकडं पैसे होते, दुसऱ्याचा बाप रिक्षा चालवतो. बापूंनी फाईल उघडली आणि मुक्काम ठरवला अल वकराला. "लाल लाईनच्या ह्या टोकाला झोपायचं, त्या टोकाला लुसैलचं स्टेडियम. मदी गाडी बदलायची न्हाई."

निघायला थोडे दिवस राहिले आणि बापूंनी जाहीर केलं, "घोटाळा झालाय. माझ्या पासपोर्टाला सा म्हैनं शिल्लक न्हाईत." पेठ हसून हसून लोळली. साऱ्या गावाची मुदत तपासणाऱ्या माणसाची मुदत संपली! महिनाभर कुणी त्यांना दुसरं काही बोलू दिलं नाही. बापूंच्या वाट्याचे पैसे पडूनच राहतील, म्हणून ते रिक्षावाल्याच्या पोराला दिले गेले. पोरं लुसैलला पोचली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं. बाहेर गर्दी, पोरं भांबावलेली, फोन उद्यमनगरात. कधीही विमानात न बसलेला हा माणूस लेथ बंद करून सांगत होता, "आता लगीच मेट्रोकडं पळू नका, लाईन आसंल. आदी खावा कायतरी. आन् रडू नका, अजून दोन मॅच हायत्या." पुढं मेस्सीनं कप उचलला तेव्हा पोरं पेठेत परत आलेली होती आणि बापूंना खांद्यावर घेऊन नाचत होती.

त्यानंतर केव्हातरी फाईल माझ्या हातात आली. बापू चहा सांगायला बाहेर गेले होते. आत कोपरा कापलेला, रद्द झालेला जुना पासपोर्ट होता. सगळी पानं कोरी. शेवटची तारीख मी दोनदा वाचली: डिसेंबर २०२३. कतारच्या वेळी वर्षभराहून जास्त मुदत शिल्लक होती. बापू आत आले, त्यांनी फाईल माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "साखर कमी सांगितलीया तुमच्यात." त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. माणूस भयंकर चिकट आहे, रक्षाविसर्जनातही सुटका नाही, हे माझं मत मी बदललेलं नाही. फक्त आता ते मी पेठेत मोठ्यानं बोलत नाही.

सध्या फाईलवर '२०२६' आहे. तीन देश, सोळा शहरं, अठ्ठेचाळीस संघ, १०४ सामने; बापूंच्या आयुष्यात एवढं मोठं काम कधी आलं नव्हतं. अमेरिकेचा व्हिसा असला तर मेक्सिकोला वेगळा लागत नाही, कॅनडाला मात्र लागतो, हे त्यांनी पानाच्या दुकानदारापासून सगळ्यांना समजावून झालंय. अमेरिकन मुलाखतीत तुम्ही मायदेशी परत येणार याची खात्री पटवावी लागते, याचा ते रोज सराव करतात. जो आजवर गेलाच नाही, त्यानं परत येण्याचा पुरावा काय द्यायचा, हा पेच अजून सुटायचाय. दरम्यान २०३० साठी नवी फाईल आणून ठेवली आहे. यजमान स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को. सुरुवातीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेत. सहा देश, तीन खंड. एवढं ऐकूनच बापूंचा चेहरा उजळला होता.

भारताचा संघ वर्ल्डकपला पात्र कधी ठरायचा तो ठरो. मुक्काम कुठं करायचा, गाडी कुठं बदलायची आणि परत कसं यायचं, एवढं मात्र आपल्या बाजूनं पक्कं झालेलं आहे. पासपोर्ट तेवढे बघून ठेवा.